बा लाझालोचे बूट

४ जून

नदी पात्रात परतली, वाटा वाळल्या, कॅम्पच्या गवती झोपड्या पुन्हा उभ्या राहिल्या. उद्यापासून पाहुणे.

दुकानातून दोन वह्या आणल्या. एक मिसेस सिंगोगोंसाठी. त्या आमच्या मॅनेजर. फेरीत काय दिसलं, काय अडलं ते प्रत्येक गाइडने रोज लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायचं, असा यंदाचा नवा हुकूम आहे. दुसरी वही ही, माझी एकट्याची. फालेसीने विचारलं, "टिझाचे बाबा, हिच्यात काय लिहिणार?" म्हटलं, खरं ते. "मग पहिलीत काय लिहिणार?" असं म्हणून माझी बायको हसत हसत भोपळ्याची पानं निवडायला बसली.

तर खरं ते असं. जुना मुख्य गाइड गावी परतला, त्याची जागा यंदा भरायची आहे, आणि ती मला हवी आहे. अकरा हंगाम झाले मला. पक्ष्यांच्या बाबतीत लुआंग्वा नदीच्या या खोऱ्यात माझ्या कानाची बरोबरी करणारा दुसरा गाइड नाही. स्वतःच्याच वहीत लाजायचं कशाला?

पायी फेरीला वनरक्षक यंदाही बा लाझालो. सरकारचा माणूस, सगळे आदराने 'बा' म्हणतात. रायफल घेऊन सगळ्यांत पुढे तो, त्याच्यामागे मी, माझ्यामागे पाहुण्यांची रांग. त्याने हात वर केला की थांबायचं, का ते विचारायचं नाही. एकतीस हंगाम चालला आणि एकाही जनावरावर गोळी झाडली नाही, हा त्याचा मोठा अभिमान. डिसेंबरात निवृत्त होतोय. आज रायफल पुसता पुसता म्हणाला, "म्वाले, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालव मला. मग बायको म्हणेल त्या खुर्चीत बसेन."

मी म्हटलं, "तुम्हाला बसवतंय कोण, बा लाझालो?"

८ जून

पहिलीच फेरी आणि पांढऱ्या पाठीचा रातबगळा! ओढ्याच्या वळणावर फांद्या पाण्यापर्यंत लोंबतात, त्यांच्या आतल्या काळोखात बसला होता. हा पक्षी पाहायला माणसं वर्षानुवर्षं येतात आणि हात हलवत परत जातात. मी बोट दाखवलं तेव्हा एका इंग्रज बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

एक गोष्ट मात्र खटकली. बा लाझालोच्या बुटाची लेस. बरोबर त्या वळणावर सुटली आणि हा गुडघ्यावर बसून सावकाश बांधत राहिला. सगळी रांग ताटकळली. मी वैतागून इकडेतिकडे बघत होतो म्हणून तरी बरं, बगळा नजरेला पडला.

२० जून

सकाळी चिंचेवर गुलाबी पापण्यांचं मोठं घुबड. तिसऱ्या प्रहरी पाण्यावर पंखपाय, तो लाजरा पाणपक्षी, तोही पोहत काठाच्या सावलीत शिरताना. दोन्ही मी शोधले. रात्री जेवताना पाहुण्यांनी माझ्या कानांना टाळ्या दिल्या.

म्हाताऱ्याची लेस तीनदा सुटली. तिसऱ्यांदा तर उंच गवताच्या तोंडाशी. तो बांधत असतानाच पुढून हत्तीण पिल्लाला घेऊन वाट ओलांडून गेली. आम्ही न थांबता गेलो असतो तर तिच्या पायातच शिरलो असतो. नशीब असतं एकेकाचं.

बाकी म्हातारा मर्यादा पाळून असतो. पण ती मला पहिल्याच हंगामात घालून द्यावी लागली. तेव्हा तो पाहुण्यांना परस्पर पक्षी दाखवत सुटायचा, ते बघा, हे बघा. आणि मी मागे पुस्तक घेऊन बावळटासारखा उभा. एकदा चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हटलं, "बा लाझालो, जनावरं तुमची, पक्षी माझे." त्याने मान हलवली, कपातला उरलेला चहा गवतावर ओतला आणि उठला. तेव्हापासून पक्ष्याचं नाव त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. या गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकलेल्या बऱ्या.

११ जुलै

हॅनेकेबाईंचं पत्र. हॉलंडच्या, सत्तरीच्या, इथे चारदा येऊन गेल्या. ऑक्टोबरात पाचव्यांदा येतायत, मासेमार घुबडासाठी. मोठं तांबूस घुबड, दिवसा दाट आबनुसात निजतं. चारही वेळा हुकलं. हे त्यांचं शेवटचं येणं, गुडघे आता साथ देत नाहीत म्हणतात. त्यांना ते घुबड दाखवलं तर मिसेस सिंगोगोंना माझ्या नावावर दुसरा विचार करावा लागणार नाही.

पत्राच्या शेवटी, 'बा लाझालोंना माझा नमस्कार आधी सांगा, मग तुम्ही घ्या.' आधी त्याला का, ते कळलं नाही. वयाचा मान असेल.

२३ जुलै

आज लेस सात वेळा सुटली. सात! मी मोजलं. मिळालं पुष्कळ, हिरव्या पाठीचा आणि लालभडक पोटाचा ट्रोगन, सर्पगरुडाची जोडी, शिवाय आणखी बरंच. पण पाहुण्यांत एक जर्मन गृहस्थ होता, घड्याळाकडे बघणारा. पाचव्या लेसला तो म्हणाला, "तुमच्याकडे गाठ मारायला शिकवत नाहीत का?" सगळे हसले. मीही हसलो. म्हाताऱ्याला इंग्रजी कळतं, पण त्याने वर पाहिलं नाही.

परतताना मी विषय काढला. "बा लाझालो, लेस बदलून टाका की."

"लेस चांगली आहे."

"मग सुटते कशी?"

"बूट जुना आहे, म्वाले."

मग मला सुचलं. जर्मन गृहस्थाचा आणि त्याचा पाय एकाच मापाचा.

२ ऑगस्ट

काम झालं. जर्मन गृहस्थ जाताना आपले बूट ठेवून गेला. उत्तम चामडं, बाजूला इलॅस्टिक, पाय सारला की झालं. मी स्वतः ते घेऊन गेलो.

बा लाझालो झोपडीबाहेर मक्याच्या पिठाची न्शिमा आणि वाळलेले कपेंता मासे खात होता. हात धुऊन त्याने बूट घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. "लेस नाही यांना?"

"नाही. कटकटच गेली."

"गेली," तो म्हणाला. मग गुडघे जरा वाकवून, ओंजळ करून दोनदा टाळी वाजवली, मोठ्या माणसाकडून काही घेताना वाजवतात तशी. मला उगीच अवघडल्यासारखं झालं. वयाने मी त्याच्या मुलासारखा.

४ ऑगस्ट

नवे बूट घालून पहिली फेरी. एकदाही न थांबता चिंचेच्या मोठ्या रांगेपर्यंत पोचलो. पक्षी फारसे नव्हते. वारा होता.

५ ऑगस्ट

आता बुटात खडे जायला लागले आहेत. पहिल्या खड्याला बूट काढला, झटकला, आत हात घालून पाहिलं, पुन्हा घातला. दुसऱ्या खड्यालाही तेच. चार वेळा! मी शपथेवर सांगतो, बुटातून एकही खडा पडताना मला दिसला नाही. चौथ्या वेळी मोजाही काढला आणि पायाची बोटं मोकळी करत बसला. समोर वठलेल्या झाडाच्या ढोलीत दोन छोटी घुबडं गालाला गाल लावून बसली होती, म्हणून मला वेळ मारून नेता आली. नाहीतर पाहुण्यांना काय सांगणार होतो, आमचा रक्षक पाय वाळवतोय?

मला वाटतं हा थकलाय आणि कबूल करायला लाजतोय. दम घ्यायची निमित्तं आहेत ही.

६ ऑगस्ट

मिसेस सिंगोगोंच्या वहीत लिहिलं. इथेही उतरवून ठेवतो. 'वनरक्षक वाटेत वारंवार विनाकारण थांबतात. काल चार वेळा, मागे एकदा सात वेळा. वयामुळे चालणं झेपत नसावं. पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी लक्ष द्यावं.'

सुरक्षितता हा शब्द लिहिताना पेन थोडं अडखळलं, पण लिहिला. त्याच्याशिवाय मिसेस सिंगोगो नुसतं वाचून पान उलटतात.

१० ऑगस्ट

घरी आलोय. फालेसीला सांगितलं. ती चुलीवर न्शिमा घोटत होती, पळी थांबली.

"त्यांना आधी विचारलंत?"

"काय विचारायचं? म्हातारे झालात का म्हणून?"

"का थांबता म्हणून."

"थकतात म्हणून थांबतात."

"हे त्यांनी सांगितलं?" मी चुलीत लाकूड सारलं. ती म्हणाली, "आपल्या टिझाचं बारसं आठवतं? बा लाझालो अठरा मैल चालत आले होते, कोंबडी काखेत घेऊन. आणि आल्यावर बसलेसुद्धा नाहीत."

ते सात वर्षांपूर्वी होतं. सात वर्षांत माणूस बदलतो.

१६ ऑगस्ट

मला वाटलं होतं मिसेस सिंगोगो फार तर त्याला बोलावून चार शब्द बोलतील. त्यांनी ते पान वन्यजीव विभागाच्या कार्यालयात धाडलं. कार्यालयाने डॉक्टरकडे. डॉक्टरने एकोणसाठ वर्षांच्या माणसाचे गुडघे दाबून पाहिले आणि एकोणसाठ वर्षांच्या गुडघ्यांबद्दल जे लिहायचं ते लिहिलं. आज हुकूम आला. रायफल जमा. उरलेले महिने राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर, गाड्यांचे नंबर लिहायचे आणि आडवा बांबू वर करायचा.

तो सामान बांधत होता तिथे गेलो. पान कोणी लिहिलं ते त्याला माहीत होतं. मिसेस सिंगोगोंनी वाचून दाखवलं होतं.

मी म्हटलं, "बा लाझालो, असं होईल वाटलं नव्हतं."

"तू लिहिलंस ते खरंच होतं. मी थांबत होतो."

"थोडा आराम मिळेल."

"हो," तो म्हणाला. गाठोडं खांद्यावर घेतलं. जर्मनाचे बूट पायात होते. गाडीत चढताना मागे वळून म्हणाला, "नवीन येईल त्याला ओढ्याच्या वळणावर सावकाश ने. आणि गवताच्या तोंडाशी." बास, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१७ ऑगस्ट

नवा रक्षक चिसाले. सव्वीस वर्षांचा, ताठ, चपळ, घट्ट लेसांचे चकचकीत बूट. सकाळची फेरी वेळेच्या अर्धा तास आधी संपली. मिसेस सिंगोगो खूश.

२८ ऑगस्ट

बारा दिवस झाले. रातबगळा नाही, पंखपाय नाही, मला एक घुबड सापडलं नाही. रोज तेच, बगळे, होले, वेडे राघू. ते तर कोणालाही दिसतात, काठावर हजारोंनी आहेत, किरमिजी. मी पाहुण्यांना सांगतो, यंदा ऊन लवकर तापलं, पक्षी दडलेत. ऊन तापलंच आहे.

आज उघड्यावर बसलेलं घुबड मी पार करून गेलो आणि मागून एका पाहुण्याने विचारलं, "ते काय आहे?" माझे कान गरम झाले. सर्दी असावी. कानांत दडे बसतात कधीकधी.

९ सप्टेंबर

आज उंच गवताच्या तोंडाशी म्हातारा रानरेडा.

चिसाले झपझप आत शिरला, मी त्याच्यामागे, माझ्यामागे सहा पाहुणे. दहा पावलांवर रेडा सावलीत पडला होता, कळपाने टाकलेला, एकटा. उठला तो थेट आमच्यावरच. चिसालेने तीन गोळ्या घातल्या. तिसऱ्या गोळीला तो माझ्यापासून इतका जवळ पडला की त्याच्या नाकपुड्यांतून उडालेली माती माझ्या पँटवर आली. कोणाला खरचटलंही नाही. एक बाई मात्र खाली बसली ती उठेचना.

चिसालेची चूक नाही. नियमाने वागला, सगळ्यांना वाचवलं. मला ओरडून सांगता आलं असतं, इथे सावकाश. मला सांगितलेलं होतं. मी मागे वळून पाहुण्यांना वेड्या राघूंच्या बिळांची गोष्ट सांगत होतो.

तिसऱ्या प्रहरी कॅम्पवर मांस वाटलं. सगळे खुशीत, हसतायत, पातेली घेऊन रांगेत. चिसाले एकटाच झोपडीमागे बसून होता. मी माझा वाटा स्वयंपाकघरात देऊन टाकला. एकतीस हंगाम आणि एकही गोळी नाही, हेच सारखं डोक्यात येतंय.

१३ सप्टेंबर

मुख्य गाइड झालो. पत्रात लिहिलं आहे, 'वनरक्षकाची असमर्थता वेळीच निदर्शनास आणून दाखवलेल्या दक्षतेबद्दल.' चिसालेने नऊ तारखेला पाहुण्यांना वाचवलं, ते म्हाताऱ्याला जमलं नसतं, असा मिसेस सिंगोगोंचा हिशेब. "बघा, तुम्ही नसतं लिहिलं तर आज काय झालं असतं," त्या म्हणाल्या.

फालेसीला पत्र वाचून दाखवलं. तिने नीट घडी घालून परत दिलं. टिझा मात्र अंगणभर नाचली.

३ ऑक्टोबर

हॅनेकेबाई आल्या. काठी घेऊन, पण डोळे तेच, तीक्ष्ण. आज पहिली फेरी, आबनुसांच्या राईत. चिसालेला मी आता ओढून धरतो, तोही ऐकतो. तीन तास प्रत्येक झाड पाहिलं. घुबड नाही.

चहाला बसल्यावर त्यांनी विचारलं, "लेसवाले कुठे आहेत?"

मी सांगितलं, फाटकावर. वय झालं. वाटेत फार थांबायचे.

त्यांनी कप खाली ठेवला. "योतामू," त्या मला पहिल्या नावानेच हाक मारतात, "तू चेष्टा करतोयस."

"नाही."

"तो माणूस थांबायचा तिथेच तर सगळं असायचं. पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. गुडघा टेकायचा आणि तोंड पक्ष्याकडे असायचं. मी तुझ्या बोटाची वाट बघतच नव्हते, मी त्याच्या गुडघ्याकडे बघायचे. मग तुला सापडेपर्यंत गप्प राहायचे, तुला वाईट वाटू नये म्हणून." मग हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं तुमचं दोघांचं ठरलेलं आहे. किती सुंदर पद्धत, असं मी घरी सगळ्यांना सांगायचे."

मी म्हटलं, हो, ठरलेलंच होतं. पहिल्यांदा पाहुण्यांशी खोटं बोललो. त्यांनी ते ओळखलं आणि काठी घेऊन उठल्या.

४ ऑक्टोबर

दुपारी पाहुणे झोपले तेव्हा ही वही पहिल्या पानापासून वाचली.

८ जून, रातबगळा, लेस. २० जून, घुबड, पंखपाय, हत्तीण, तीन वेळा लेस. २३ जुलै, सात वेळा, आणि 'आणखी बरंच' म्हणून मी जे नीट लिहिलंही नाही ते. ५ ऑगस्ट, खडे आणि दोन छोटी घुबडं. सगळं माझ्याच अक्षरात, एकेका पानावर शेजारी शेजारी, आणि मला दिसलं नाही. ४ ऑगस्टला न थांबता गेलो आणि लिहिलं, 'वारा होता.' कसला वारा?

पक्षी माझे, असं मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं. मग त्यांनी ते माझेच राहू दिले. दहा वर्षं गुडघा टेकून मला देत राहिले, पाहुण्यांसमोर माझं नाक वर राहील असं. लेस मी काढून घेतली तर त्यांनी खडे शोधून काढले. तेही मी मोजले आणि लिहून पाठवले.

मला माझी लाज वाटते. याहून वेगळं काही लिहिता येत नाही.

६ ऑक्टोबर

मिसेस सिंगोगोंच्या वहीत सगळं लिहिलं. विनाकारण थांबत नव्हते, दाखवायला थांबत होते, चूक माझी. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "बा म्वाले, हे तुम्ही मुख्य गाइड झाल्यावर लिहिताय."

"हो."

"आधी नाही सुचलं?"

"आधी कळलं नव्हतं."

त्या मला घेऊन विभागाच्या कार्यालयात आल्या, हे त्यांचे उपकार. साहेबांनी दोन्ही कागद समोरासमोर ठेवले. म्हणाले, "तुमचा पहिला कागद तुम्ही परत घ्याल. डॉक्टरचा कोण घेणार? गुडघ्यांबद्दल एकदा लिहिलं गेलं की मी त्या माणसाच्या हातात रायफल देऊ शकत नाही. उद्या काही झालं तर?" मग म्हणाले, "तीनच महिने राहिलेत. फाटकावर सावली आहे."

१२ ऑक्टोबर

हॅनेकेबाईंना विमानतळावर सोडलं. नऊ दिवस, घुबड नाही. फाटकाशी त्या गाडीतून उतरल्या, काठी टेकत बा लाझालोंकडे गेल्या आणि त्यांचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी गाडीतून उतरलो नाही, धीरच झाला नाही.

परतताना मात्र थांबलो. ते चिंचेखाली खुर्चीत, मांडीवर नंबरांची वही. "ओडी," मी लांबूनच म्हटलं, घराच्या दारात म्हणतात तसं.

"ये, मुख्य गाइड, ये. इथे दार कुठाय?"

त्यांचे जुने बूट कॅम्पवर अडगळीत सापडले होते. मी ते तेल लावून, नव्या लेसा घालून आणले होते. पुढे केले. त्यांनी घेतले आणि खुर्चीखाली ठेवले.

"बा लाझालो, मला आता कळलं."

"काय कळलं?"

"लेस."

"बूट जुना होता, म्वाले. सुटायची."

"आणि खडे?"

"वाटेत खडे असतात." त्यांनी एका ट्रकचा नंबर लिहून घेतला, बांबू वर केला, खाली केला, पुन्हा येऊन बसले. "तुझे कान वाईट नाहीत. तू चालताना बोलतोस फार, एवढंच."

मी रडलो. इथे लिहून ठेवतो, फाटकावर उभा राहून रडलो, आणि टोमॅटोच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायकांनी पाहिलं. मग मी विचारलं, अजूनही स्वतःसाठीच विचारलं, "ते मासेमार घुबड. कुठे बसतं ते? एवढं सांगा."

ते नदीच्या दिशेने वळले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"पक्षी तुझे आहेत, म्वाले."

३१ ऑक्टोबर

हंगाम संपला. आभाळ भरून आलंय, झोपड्या उतरवायला सुरुवात झाली.

शेवटचे चार पाहुणे घेऊन सकाळी विमानतळाकडे निघालो. फाटकाशी बा लाझालो उठले, बांबू वर केला. पायात त्यांचे जुने बूट होते, माझ्या नव्या लेसा. त्या पाहून मला फार बरं वाटलं. गाडी पुढे घेणार एवढ्यात ते खाली वाकले, गुडघा टेकला, तोंड चिंचेकडे.

मी तत्काळ इंजिन बंद केलं. पाहुण्यांना म्हटलं, "हलू नका, बोलू नका." दुर्बीण घेऊन चिंचेची एकेक फांदी पाहिली. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत, मग पुन्हा वर. ढोली पाहिली, पानांमागची सावली पाहिली. घाम गळ्यापर्यंत आला. पाच मिनिटं झाली असतील. मागे एक गाडी येऊन उभी राहिली, तिने भोंगा वाजवला नाही. काही नव्हतं. मी पुन्हा पहिल्या फांदीपासून सुरुवात केली.

शेवटी त्यांच्याकडे पाहिलं. ते अजून तसेच होते. एका हाताने खुर्चीचा पाय धरला होता आणि दुसऱ्या हाताने गुडघा चोळत होते. लेस घट्ट बांधलेली होती.

"बा लाझालो, काय आहे?"

"काही नाही रे," ते म्हणाले. "बसून बसून धरतो हा. चालायचो तेव्हा कधी दुखला नाही. जरा हात दे."

मी उतरलो, हात दिला. उठायला त्यांना वेळ लागला. मग ते बाजूला झाले आणि मी गाडी बाहेर काढली.